मदरबोर्डला चिकटून बसलेली कूलरची बॅकप्लेट सोडवताना

संगणकाच्या प्रोसेसरवरचा कूलर बदलायला घेतला की पुढच्या बाजूचं काम पटकन उरकतं. अडतं ते मागच्या बाजूला. चारही स्क्रू निघालेले असतात, तरी बॅकप्लेट, म्हणजे कूलरला मदरबोर्डाच्या मागून धरणारी प्लेट, बोर्ड सोडत नाही, कारण तिला आतून फोमची डबल टेप लावलेली असते. काही वर्षं प्रोसेसरची ऊब आणि स्क्रूंचा दाब खाऊन त्या टेपचा गोंद बोर्डावर पक्का बसलेला असतो. इथे बहुतेकांचा हात स्क्रूड्रायव्हरकडे जातो. प्लेट आणि बोर्डाच्या फटीत त्याचं टोक सारायचं, खालून उचकटायचं, आणि प्लेट निघते. बोर्ड मात्र त्यानंतर सुरू होईलच याची खात्री नसते.

उचकटू नका असं सगळेच सांगतात, पण का ते कळलं की हात आपोआप सावध होतो. मदरबोर्ड साधारण १.६ मिलिमीटर जाडीचा असतो. काचेचे धागे आणि इपॉक्सीच्या त्या पातळ पाटीत तांब्याचे चार, सहा, कधी आठ थर असतात. वरचा हिरवा किंवा काळा लेप जेमतेम २०-३० मायक्रॉनचा, आणि त्याखालून मेमरीकडे जाणाऱ्या रेषा एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या रुंदीच्या. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या बरोबर मागे तिळाएवढे सिरॅमिक कपॅसिटर बसवलेले असतात, त्यातले बरेच १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद. स्क्रूड्रायव्हरचं टोक जरा घसरलं तरी त्यातला एखादा उडतो आणि तो उडाल्याचं कळतही नाही.

त्याहून वाईट म्हणजे बोर्ड वाकणं. एलजीए सॉकेट, म्हणजे ज्याच्या पिना प्रोसेसरला नसून सॉकेटात असतात ते, बोर्डावर सोल्डरच्या बारीक गोळ्यांवर उभं असतं. एलजीए ११५१ या नावातला आकडाच मुळी ११५१ संपर्कबिंदूंचा आहे. बोर्ड वाकला की या गोळ्यांना तडा जाऊ शकतो, कपॅसिटरला आतून चीर पडू शकते, आणि वरून पाहिलं तर सगळं जागच्या जागी दिसतं.

म्हणून पद्धत अशी, की प्लेट वर उचलायची नाही, मधला फोम आडवा कापायचा. फोमच्या टेपचा स्वभाव या कामी येतो. झटका दिला की ती घट्ट धरून ठेवते, पण थोडासाच जोर बराच वेळ लावून ठेवला की हळूहळू ताणत जाते आणि शेवटी फाटते. गरम केली तर हे आणखी लवकर होतं. जोर कमी आणि वेळ जास्त, असं हे काम आहे.

आधी बघा, काढायची गरज आहे का

एएमडीच्या एएम५ सॉकेटचा बोर्ड असेल, म्हणजे सप्टेंबर २०२२ पासून आलेल्या रायझन प्रोसेसरांचा, तर मागची धातूची प्लेट सॉकेटचाच भाग आहे. सॉकेटच्या चौकटीचे स्क्रू तिला धरून असतात आणि कूलर तिच्यावरच बसतो. तिला हात लावायचं कारण नाही. एएम४ मध्ये प्लेट बोर्डाबरोबरच येते आणि पुढचे दोन प्लास्टिकचे ब्रॅकेट सोडवले की ती बहुधा स्वतःहूनच खाली पडते. अनेक कूलर हीच मूळ प्लेट वापरतात, त्यामुळे ती फेकून देऊ नका. दोन्ही सॉकेटांत भोकांची मापं तीच आहेत, ५४ बाय ९० मिलिमीटर.

चिकटलेल्या प्लेटची खरी डोकेदुखी इंटेलच्या बोर्डांवर आणि एएम४ च्या आधीच्या जुन्या पिढ्यांवर. २००९ च्या एलजीए ११५६ पासून २०२० च्या एलजीए १२०० पर्यंत कूलरची भोकं ७५ मिलिमीटरच्या चौरसात होती. २०२१ च्या अखेरीस एलजीए १७०० आलं आणि हे अंतर ७८ झालं. पुढच्या एलजीए १८५१ नेही तेच ठेवलं. तेव्हा तुमचा नवा कूलर त्याच कंपनीचा असेल, सॉकेट तेच असेल आणि प्लेटच्या खुंट्यांचे (बोर्डाच्या भोकांतून पुढे येणाऱ्या दांड्यांचे) आटे जुळत असतील, तर जुनी प्लेट जिथे आहे तिथेच राहू द्या. नव्या कूलरच्या माहितीपत्रकातलं प्लेटचं चित्र आणि मागची प्लेट शेजारी ठेवून बघा. जुळत असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही.

जुळत नसेल तर काढावीच लागेल. पुढचं सगळं एलजीए ११५१ चा बोर्ड समोर ठेवून लिहिलं आहे. इतर सॉकेटांवर पद्धत तीच, तपशील थोडे वेगळे.

मागे दोन प्लेटा असतात

इंटेलच्या या बोर्डांवर मागे पाहिलं की अनेकांचा गोंधळ होतो. सॉकेटच्या अगदी मागची लहान पोलादी प्लेट सॉकेटची स्वतःची असते. पुढच्या बाजूने तीन स्क्रू तिला धरून असतात. तिच्यावर किंवा तिच्याभोवती जी मोठी, चार पाय पसरलेली प्लेट दिसते ती कूलरची. काढायची ती ही दुसरी.

आता मोबाइलचा टॉर्च घ्या आणि बोर्ड डोळ्याच्या पातळीवर आडवा धरून फटीत उजेड टाका. प्रकाश समोरून नको, कडेने तिरपा हवा. फोमच्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्ट्या नेमक्या कुठे आहेत ते दिसेल. काही प्लेटांना मधोमध चौकोनी पट्टी असते, काहींना चारही पायांखाली छोटे तुकडे. त्या पोलादी प्लेटवर चिकटल्यात की थेट बोर्डाच्या लेपावर, हे ठरवा. पोलादावर असतील तर अर्धी काळजी मिटली, कारण तिथे ओरखडा उठला तरी काही बिघडत नाही. बोर्डावर असतील तर प्रत्येक पट्टीच्या आसपास कुठे कपॅसिटर आहेत ते नीट पाहा आणि कागदावर अंदाजे नकाशा काढून ठेवा. हा नकाशा पुढे दोरा फिरवताना कामाला येतो.

सामान

हेअर ड्रायर, डेंटल फ्लॉस किंवा मासेमारीची बारीक तंगूस, दोन-तीन जुनी एटीएम कार्डं, मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तसे प्लास्टिकचे पिक, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुईशिवायची इंजेक्शनची सिरिंज, मऊ टूथब्रश आणि धागे न सुटणारं कापड. अल्कोहोल दुकानात आयपीए नावाने मागा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतं, गावात मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे चौकशी करा. हात धुवायचा सॅनिटायझर त्याऐवजी चालणार नाही. त्यात पाणी असतं आणि बहुतेक वेळा ग्लिसरीनही.

काय वापरायचं नाही तेही सांगतो. कटरचं पातं, सुरी, स्क्रूड्रायव्हर, गिटारची तार, कुठलीही धातूची वस्तू बोर्डाच्या बाजूला नको. पतंगाचा मांजा तर मुळीच नको, त्यावरची काचेची पूड लेप खरवडून काढेल. ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर हे काही प्रकारचं प्लास्टिक खातात. गंज सोडवणारे स्प्रे तेल मागे ठेवतात आणि ते तेल सॉकेटमध्ये गेलं की निस्तरत बसावं लागतं. प्लेट फ्रीजरमध्ये ठेवून गोंद कडक करण्याची युक्तीही ऐकायला मिळते. कोकणात किंवा मुंबईच्या हवेत थंड बोर्ड बाहेर काढला की त्यावर पाणी धरतं, त्यामुळे मी ती कुणाला सुचवत नाही.

बोर्ड बाहेर काढा

अनेक कॅबिनेटना सॉकेटच्या मागे मोठी खिडकी असते आणि बोर्ड न काढता काम होईल असा मोह होतो. प्लेट सैल असेल तर ती खिडकी पुरते. चिकटलेली असेल तर बोर्ड बाहेर हवाच, कारण दोरा चारही बाजूंनी फिरवायचा आहे आणि बोर्ड वाकतोय का ते डोळ्यांनी दिसायला हवं.

वीज बंद करा, केबल काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. ग्राफिक्स कार्ड, रॅम, एम.२ एसएसडी सगळं उतरवा. बोर्डावरची सीआर२०३२ बटन सेलही काढा, कारण ऊब द्यायची आहे. मात्र सेल काढण्यापूर्वी एक काम करून ठेवा. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. सेल काढल्यावर बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर येतात, काही बोर्डांवर त्याबरोबर टीपीएमही (त्या कुलपाची किल्ली जपणारा सुरक्षेचा भाग) बंद होतो, आणि मग संगणक सुरू होताना की मागतो. ती की त्याच संगणकात साठवलेली असली तर काय होतं ते सांगायला नको.

सॉकेटच्या पिनांची काळजी वेगळी घ्यायची. बोर्डाच्या खोक्यातली काळी प्लास्टिकची टोपी जपून ठेवली असेल तर प्रोसेसर काढून ती बसवा. नसेल तर प्रोसेसर सॉकेटमध्येच राहू द्या आणि लीव्हर बंद ठेवा. उघड्या पिनांचा बोर्ड उपडा करून काम करणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं.

बोर्ड उपडा ठेवताना रॅमचे स्लॉट आणि हीटसिंक वेगवेगळ्या उंचीचे असतात, त्यामुळे तो डुलतो. जाड टॉवेलच्या घड्या घालून चारही कोपरे आणि सॉकेटच्या आसपासचा भाग सारखा टेकेल असं करा. घरात कुणी मोकळं असेल तर त्याला बोर्ड दोन्ही कडांनी उभा धरायला सांगणं सगळ्यात उत्तम. हिवाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत, स्थिर विजेचा चटका बसतो. अर्थिंग असलेल्या धातूला अधूनमधून हात लावत राहा आणि सिंथेटिक कपडे टाळा.

प्लेटच्या खुंट्या सुट्या होणाऱ्या असतील तर आत्ताच सगळ्या काढून टाका. त्या भोकांत अडकलेल्या राहिल्या तर प्लेट आडवी सरकायला जागाच उरत नाही.

ऊब

हेअर ड्रायर मध्यम उष्णतेवर ठेवा, प्लेटपासून १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर धरा आणि हलवत राहा. धातूची प्लेट असेल तर ती स्वतःच उष्णता सगळीकडे पसरवते, दोन-तीन मिनिटं पुरतात. प्लास्टिकची प्लेट उष्णता आत जाऊ देत नाही, तिला जास्त वेळ द्या, पण तापमान वाढवू नका, नाहीतर प्लेटच मऊ पडून वाकडी होते.

किती गरम झालं हे बोटाने कळतं. प्लेटवर बोट एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवता येत नाही एवढी ती तापली की साधारण ६० अंशांच्या आसपास आहे असं समजा, आणि तेवढं बास. बोर्डाला याने काही होत नाही. त्यातली इपॉक्सी १३० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते, बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांना वितळायला लागतं, कपॅसिटर सहसा १०५ अंशांचे असतात. पण हे आकडे पाहून हीट गन उचलू नका. तिचा झोत ५०० अंशांपर्यंत जातो आणि एका जागी काही सेकंद थांबला तर लेपाला फोड येतात. तापमान ठरवता येणारं हॉट एअर मशीन हाताशी असेल आणि ते वापरायची सवय असेल तर १०० च्या आत ठेवून चालेल.

इस्त्री, ओव्हन, गॅसची शेगडी यांपैकी काहीच नको.

दोरा

खरं काम हे. हातभर फ्लॉस किंवा तंगूस घ्या आणि दोन्ही टोकं दोन पेन्सिलींना गुंडाळा, नाहीतर बोटं कापतील. प्लेटच्या एका कोपऱ्यातून दोरा फटीत सरकवा. आता करवत चालवतात तसा तो पुढे-मागे ओढा, सावकाश, आणि ओढताना दोऱ्याचा कल प्लेटकडे ठेवा. बोर्डावर दोरा घासायचा नाही. प्लेटच्या धातूवर कितीही घासा.

पहिल्यांदा काहीच होत नाहीये असं वाटतं. दोरा गोंदात रुततो, जड होतो, पुढे सरकत नाही. मग थोड्या वेळाने हाताला एकदम हलकेपणा जाणवतो आणि फटीतून फोमचे भुरकट कण बाहेर यायला लागतात. दोरा फोमच्या मधोमध शिरल्याची ही खूण. तिथून पुढे तो बऱ्यापैकी सरळ जातो. प्लेटकडचा अर्धा फोम प्लेटवर राहतो, बोर्डाकडचा बोर्डावर, आणि मधून दोरा निघून जातो.

प्लेट थंड व्हायला लागली की दोरा पुन्हा अडखळतो. जोर वाढवू नका. दोरा तसाच राहू द्या, पुन्हा मिनिटभर ऊब द्या आणि पुढे चला. फ्लॉस तुटतोच. तुटला की नवा तुकडा घ्या, गाठ मारून वापरू नका, कारण ती गाठ नेमकी कपॅसिटरला अडकते. आधी काढलेला नकाशा समोर ठेवा. दोऱ्याच्या वाटेत एखादा कपॅसिटर येत असेल तर त्या बाजूने कापायचं नाही, उलट्या बाजूने येऊन त्याच्या अलीकडे थांबायचं. मेणाचा फ्लॉस चांगला सरकतो, मागे राहिलेलं मेण नंतर आयपीएने निघतं.

पट्टी पोलादी प्लेटवर चिकटलेली असेल तर दोरा आणखी बिनधास्त चालवता येतो.

कार्ड, आणि थांबणं

निम्माअधिक फोम कापून झाला की फटीत एटीएम कार्डाची कड सरकवा. नुसती सरकवायची, तिचा तरफेसारखा वापर करायचा नाही. जागा असेल तर त्यावर दुसरं कार्ड, किंवा समोरच्या बाजूने पिक. आता ऊब द्या आणि हात बाजूला घ्या. कार्डांच्या जाडीमुळे उरलेल्या फोमवर बारीकसा ताण कायम राहतो आणि पाच-दहा मिनिटांत तो ताणत जाऊन स्वतःच सुटू लागतो. अधूनमधून टॉर्च मारून पाहिलं की फोमचे लांब धागे ताणलेले दिसतात. ते दिसले की काम होत आलंय.

चहा घ्यायचा तो याच वेळी.

दोन बोटांनी प्लेट धरून किंचित पिळून बघता येते, खुंट्या निघाल्या असतील तर. घड्याळाच्या दिशेने हलका जोर, पंधरा-वीस सेकंद तसाच धरून ठेवायचा, मग उलट दिशेने. बोर्ड कुठेही वाकताना दिसला तर त्या क्षणी सोडा.

तरीही हलत नसेल तर आयपीए

आधी ड्रायर बंद करून त्याची पिन काढा, प्लेट पूर्ण थंड होऊ द्या. हे गमतीने सांगत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ साधारण १२ अंशांपासूनच पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही खोलीत. खिडकी उघडी हवी, देवघरातला दिवा आणि स्वयंपाकघरातली शेगडी बंद.

सिरिंजने पट्टीच्या कडेला दोन-चार थेंब सोडा आणि बोर्ड थोडा तिरका धरा, म्हणजे द्रव फोमकडे जाईल. फोम तो शोषून घेतो आणि गोंद कडेने फुगून सैल पडतो. दहा मिनिटं थांबा, पुन्हा थेंब सोडा, मग दोरा चालवा. आयपीए हा गोंद पूर्ण विरघळवत नाही, त्याची पकड तेवढी ढिली करतं. धार सोडू नका, भोकांतून ते पुढच्या बाजूला उतरतं. आणि त्यानंतर पुन्हा ऊब द्यायची वेळ आली तर आधी सगळं वाळू द्या, निदान अर्धा तास.

खुंट्या पक्क्या असतील तेव्हा

काही प्लेटांच्या चारही खुंट्या ठोकून बसवलेल्या असतात आणि बोर्डाच्या भोकांतून पुढे आलेल्या असतात. अशी प्लेट ना सरकते ना पिळते. इथे पुढच्या बाजूने खुंट्यांवर दाबायचं. बोर्ड उभा धरा. ऊब दिलेली असू द्या आणि दोऱ्याने जेवढा फोम कापता येईल तेवढा आधीच कापलेला असू द्या. आता दोन्ही अंगठे समोरासमोरच्या दोन खुंट्यांच्या टोकांवर ठेवा आणि इतर बोटांनी त्या भोकांच्या जवळून बोर्डाला मागून आधार द्या. आधार जितका भोकाजवळ, तितका बोर्ड कमी वाकतो. दाब स्थिर ठेवा, मिनिटभर. मग दुसरी जोडी. आटे टोचत असतील तर खुंटीवर तिचीच नट टोकाशी दोन आटे फिरवून बसवा आणि तिच्यावर दाबा. हातोडीने ठोकू नका.

पट्टी फक्त पोलादी प्लेटवरच चिकटली असेल तर आणखी एक वाट आहे. सॉकेटच्या चौकटीचे तीन स्क्रू टी-२० मापाच्या टॉर्क्स (ताऱ्यासारख्या टोकाच्या) पान्याने पुढून काढले की पोलादी प्लेट आणि तिला चिकटलेली कूलरची प्लेट अशा दोन्ही एकदम मागे सुटून येतात. मग त्या टेबलावर घेऊन हव्या तशा वेगळ्या करा, बोर्डाचा संबंधच नाही. पण चौकट निघाली की पिना पूर्ण उघड्या पडतात. प्रोसेसर आधी काढून घ्या, बोर्ड सरळ ठेवून मागून हाताचा आधार देत स्क्रू सोडवा, आणि लगेच पिनांना न टेकणारं एखादं झाकण सॉकेटवर उपडं घाला. परत बसवताना पोलादी प्लेटची दिशा पूर्वीचीच हवी, मधला इन्सुलेशनचा पापुद्रा जागेवर हवा, आणि तिन्ही स्क्रू थोडे थोडे करत सारखे आवळायचे. बोर्ड वॉरंटीत असेल तर या वाटेला जाऊ नका.

हे सगळं करूनही प्लेट जागची हलत नसेल तर दुसऱ्या दिवसावर ढकला किंवा हॉट एअर मशीन चालवणाऱ्या चांगल्या कारागिराकडे न्या. चिडलेल्या हाताने कपॅसिटर उडतात.

उरलेला गोंद

प्लेट निघाली की बोर्डावर फोमचे आणि गोंदाचे डाग उरतात. मोठे तुकडे अंगठ्याने चोळून गोळा करा, ते वळत वळत निघून येतात. बाकीच्यावर आयपीए लावून दोन मिनिटांनी कार्डाच्या कडेने हळूच खरवडा, शेवटी मऊ ब्रश एकाच दिशेने फिरवा. कापूस वापरू नका, त्याचे धागे कपॅसिटरच्या कोपऱ्यांत अडकतात आणि ओढले की भाग हलतो.

कपॅसिटरच्या मधोमध गोंदाचा पातळ थर राहिलाच तर राहू द्या. तो वीज वाहू देत नाही, त्रासही देत नाही. बोर्ड आरशासारखा लख्ख करण्याच्या नादात जास्त नुकसान होतं, हे मी ठामपणे सांगेन.

तपासणी

पुन्हा तिरपा उजेड. दोन चकचकीत चांदीचे ठिपके शेजारी शेजारी आणि मध्ये काही नाही, असं कुठे दिसलं तर तिथला भाग उडाला असण्याची शक्यता आहे. घाबरण्याआधी त्याच मॉडेलच्या मागच्या बाजूचा फोटो शोधून ताडून पाहा. कारखान्यातूनच रिकाम्या ठेवलेल्या जागा प्रत्येक बोर्डावर असतात, पण तिथलं सोल्डर गुळगुळीत असतं. तुटलेल्या जागी ते खडबडीत, वर ओढलेलं दिसतं. उडालेला भाग टॉवेलच्या घडीत सापडला तर चिमट्याने उचलून डबीत ठेवा, कारागिराला तो परत बसवता येतो.

लेपावरचा ओरखडा नुसता पांढरट असेल तर तो वरवरचा आहे. तांबूस चमकत असेल तर तांबं उघडं पडलंय. रेष अखंड असेल तर त्यावर दुरुस्तीचा यूव्ही मास्क (अतिनील प्रकाशात कडक होणारा लेप) लावून घ्या, कारण पुढे त्याच जागी धातूची प्लेट बसणार आहे.

नवी प्लेट

नव्या प्लेटच्या टेपवरचा कागद काढू नका. टेपचं काम एवढंच, की एका हाताने कूलर बसवताना मागची प्लेट खाली पडू नये. कूलरचं वजन आणि दाब खुंट्या आणि स्क्रू पेलतात, टेप नव्हे. कागद तसाच ठेवला तरी फोम गादीचं काम करतो, आणि प्लेटचा धातू बोर्डाच्या मागच्या सोल्डरच्या टोकांपासून दूर राहतो. तो फोमच उपटून टाकणं मात्र चूक, कारण मग धातू थेट सोल्डरला टेकून शॉर्ट होऊ शकतो. बसवताना प्लेट पडत असेल तर दोन कोपऱ्यांना कागदी मास्किंग टेप लावा आणि स्क्रू धरले की ती काढून घ्या. स्क्रू कर्णाच्या दिशेने, आळीपाळीने, थोडे थोडे आवळा.

कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी बोर्ड त्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवून सुरू करून बघा. प्रोसेसर, कूलर, मेमरीच्या दोन्ही चॅनेलमध्ये (प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटांवर) एकेक रॅम आणि बटन सेल एवढंच पुरे. बायोसमध्ये गेल्यावर तापमान बघाच, पण आधी रॅमचा आकडा वाचा. सॉकेटच्या मागच्या रेषांपैकी बऱ्याच मेमरीच्या असतात, त्यामुळे धक्का लागला असेल तर एक चॅनेल गायब झालेलं दिसतं आणि १६ जीबीच्या जागी ८ येतात. तसं झालं तर कूलर उतरवा, प्रोसेसर काढा आणि पिना भिंगाखाली पाहा. वाकलेली पिन बहुतेक वेळा सरळ होते. पिना ठीक असतील तर रॅमच्या पट्ट्या आपसांत बदलून बघा. तरीही तेच चॅनेल रिकामं राहत असेल तर बोर्ड कारागिराकडे न्या, आणि नेताना मागच्या बाजूचे तिरप्या उजेडातले फोटो दाखवा.